क्लेमवाल्या वकिलाचा उत्तरपक्ष

अपघाताच्या दाव्यांबद्दल सुशिक्षित मराठी माणसाचं मत बहुधा ठरलेलं असतं. रस्त्यावर कुणी गेलं की वकिलांची माणसं दवाखान्याच्या दारात हजर होतात. पगार फुगवून, जखमा वाढवून विमा कंपनीकडून लाखो रुपये उकळतात. त्यातला मोठा वाटा वकील घेतो, उरलेल्यातून घरचे माडी चढवतात, आणि हा सगळा भार शेवटी मुकाट्याने हप्ता भरणाऱ्या वाहनमालकावर पडतो. त्यावरचा उपायही ठरलेला आहे: माणूस गेला तर अमुक, पाय गेला तर तमुक, अशी ठोक रक्कम सरकारने जाहीर करावी आणि पंधरा दिवसांत खात्यात टाकावी. वकील नको, तारखा नकोत, न्यायाधिकरणही नको.

हे मत मी बार रूममध्ये दिवाणी बाजूच्या मित्रांकडून ऐकलं आहे, निवृत्त न्यायाधीशांकडून ऐकलं आहे, आणि ज्यांच्या घरात अपघात झाला नाही अशा जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकलं आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्जदारांच्या बाजूने उभं राहण्यातच माझी वकिली गेली. तेव्हा माझा या प्रश्नातला हितसंबंध उघड आहे, आणि वाचकाने तो लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं. पूर्वपक्षात खरं काय आहे तेही मी लपवणार नाही. पण त्याचा पाया कच्चा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते का हे सांगायला आकड्यांतूनच जावं लागेल.

अपघाताची भरपाई म्हणजे लॉटरी, असाही या मताचा सूर असतो; आधी ते पाहू. लॉटरीचा आकडा कुठून येतो हे कुणाला ठाऊक नसतं. न्यायाधिकरणाच्या निवाड्यातला आकडा कुठून आला हे मात्र ओळीओळीने दाखवता येतं. अमेरिकेत अशा दाव्यांत ज्यूरी बसते, ती दंडात्मक भरपाईही देऊ शकते, आणि वकिलाला मिळणाऱ्या रकमेत वाटा घेता येतो. चित्रपटांतून आलेली ती प्रतिमा आपण इथल्या न्यायाधिकरणावर चिकटवून टाकली आहे. आपल्याकडे ज्यूरी नाही आणि आकडा हवेतून काढायची मुभाही नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा निकालात वयानुसार गुणकांचा तक्ता दिला. 2017 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रणय सेठी निकालात भावी उत्पन्नवाढीचे टक्के आणि ठरीव रकमा बांधून दिल्या. न्यायाधिकरणाच्या आवारातल्या अगदी ज्युनिअर वकिलालाही हा तक्ता पाठ असतो.

32 वर्षांचा, स्वतःचा टेम्पो चालवणारा माणूस घ्या. घरी बायको, दोन मुलं आणि आई. खर्च जाऊन महिन्याला 15,000 रुपये हाती राहायचे. स्वयंरोजगार आणि वय चाळिशीच्या आत म्हणून 40 टक्के वाढ धरली की झाले 21,000. वर्षाचे 2,52,000. चार माणसं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, उरले 1,89,000. 32 व्या वर्षाला गुणक 16. एकूण 30,24,000 रुपये, आणि त्यावर अंत्यविधी, वारशाचं नुकसान आणि सहवास हरपणं यांच्या ठरीव रकमा. तो साठीपर्यंत, म्हणजे आणखी 28 वर्षं राबला असता. कायदा 16 च वर्षं मोजतो, कारण पैसे एकरकमी मिळतात आणि त्यांवर व्याज सुटतं. यात उदारपणा कुठे आहे?

आता खरी गोष्ट पुढे आहे. या माणसाने आयकराचं विवरण कधी भरलेलं नाही. भाडं रोखीने घेतलं आणि रोखीनेच खर्चलं. डिझेलच्या पावत्या टेम्पोच्या कप्प्यात होत्या आणि टेम्पो पोलीस ठाण्याच्या आवारात चेपून पडला आहे. बायको साक्षीला उभी राहते, विमा कंपनीचे वकील एकच प्रश्न विचारतात, "उत्पन्नाचा लेखी पुरावा आहे का?" आणि ती नाही म्हणते. न्यायाधिकरण मग अंदाजाने महिना 8,000 धरतं. तोच तक्ता, तेच टक्के, तोच गुणक. उत्तर येतं 16,12,800. एका कागदावाचून त्या घराचे 14,11,200 रुपये गेले. फुगवलेले दावे नसतात असं मी म्हणत नाही. पण मी जे निवाडे पाहिले त्यांत फुगलेल्या आकड्यांपेक्षा असे आक्रसलेले आकडे कितीतरी जास्त आहेत. त्यांची बातमी होत नाही, कारण जे सिद्ध झालं नाही ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

याचं सर्वांत टोकाचं रूप ऊसतोड कामगारांच्या दाव्यांत दिसतं. बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून दर हंगामात जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम त्या कोयत्याला हंगामाआधी उचल देतो आणि पुढे टनामागे हिशेब लावून ती फेडून घेतो. रात्री ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत बसून माणसं एका फडातून दुसऱ्या फडाकडे जातात आणि ट्रॉली उलटते. अशा दाव्यात विमा कंपनीची कैफियत जवळजवळ छापील असते: ट्रॅक्टर शेतीच्या कामासाठी विमा उतरवलेला होता, तो कारखान्याच्या वाहतुकीला वापरला, ट्रॉलीत माणसं बसवायला परवानगी नव्हती, म्हणून कंपनी जबाबदार नाही. मालवाहू वाहनातल्या फुकट प्रवाशाला कायद्याचं विमासंरक्षण नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच सांगितलेलं असल्यामुळे ही कैफियत पोकळ नसते. ज्या बाईचा जीव ट्रॉलीत गेला तिच्या घरच्यांना मग ट्रॅक्टरच्या मालकामागे लागावं लागतं.

आणि त्याआधी तिचं उत्पन्न सिद्ध करायचं असतं. अशा एका दाव्यात मुकादमाला समन्स काढून त्याची वही मागवली होती. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. एका ओळीत नवऱ्याचं नाव, पुढे उचल, मग किराण्याला दिलेले, मग मुलाच्या तापाला दिलेले. बाईचं नाव कुठेच नव्हतं. विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं: मयत ही गृहिणी होती, तिला स्वतंत्र उत्पन्न नव्हतं, तसा कागद नाही. सरतपासात मी मुकादमाला विचारलं, एखादा गडी एकटा आला तर त्याला किती उचल देता? तो म्हणाला, एकट्याला कोण देतो, आणि दिली तर निम्मी, तो अर्धा कोयता. हे उत्तर निशाणीवर आलं आणि तिच्या श्रमांची किंमत मुकादमाच्याच तोंडून नोंदली गेली. न्यायाधीशांनी उचलीच्या निम्म्या रकमेवरून तिची मजुरी काढली, आणि घरकामाची किंमत वेगळी धरली. ती बाई जिवंत असताना तिची कमाई कुठल्याही सरकारी, खाजगी, सहकारी कागदावर लिहिली गेली नव्हती. ती पहिल्यांदा लिहिली गेली ती या निवाड्यात.

मी ज्या कामाची बाजू घेतो ते हे काम आहे. ठोक रक्कम देऊन मोकळं व्हा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा की ही मोजदाद मग कोण करणार?

घरकामाची किंमत न्यायालयांनी ओळखायला फार वेळ लावला. 1989 मध्ये जमशेदपूरला पोलाद कारखान्याच्या समारंभात मंडपाला आग लागून अनेक बायका-मुलं गेली. त्या प्रकरणी 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचं मोल महिना 3,000 रुपये धरलं. 2021 च्या कीर्ती निकालात न्यायालयाने सरकारच्याच 2019 च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला: बिनमोबदल्याच्या घरकामात बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवते, पुरुष 97. हे निकाल कुणा तत्त्वज्ञाच्या ग्रंथातून आले नाहीत. ते अपघाताच्या दाव्यांतून आले, म्हणजे ज्या वकिलीला हलकी समजतात तिच्यातून. स्त्रियांच्या श्रमावर विद्यापीठात परिसंवाद होतात ते व्हावेतच. पण त्या श्रमाचे रुपये करून ते वसूल करायची जागा आजही हीच आहे.

जखमींच्या बाबतीतही लोकांचा समज असाच उलटा आहे. डॉक्टरांनी 35 टक्के अपंगत्वाचा दाखला दिला म्हणजे 35 टक्के नुकसान, असं लोक धरतात, आणि काही निवाडेही धरत. 2010 च्या राजकुमार निकालाने सांगितलं की शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी राहू शकते, पण सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. माझ्याकडे गुडघा न वाकणारा एक गवंडी होता. उलटतपासात त्याला विचारलं गेलं, "तुम्ही कोर्टात चालत आलात ना? पायऱ्या चढलात ना?" त्याने खरं तेच सांगितलं, हो. मग फेरतपासात त्याला फक्त एवढंच विचारलं की भिंतीचा खालचा थर कसा लावतात. तो म्हणाला, उकिडवं बसून. फरशी? उकिडवं बसून. गिलाव्याचा खालचा हात? तोही बसूनच. चालता येणारा, पायऱ्या चढणारा, दाखल्यावर 35 टक्के असलेला तो माणूस त्याच्या धंद्यापुरता संपला होता. हे कुठल्याही ठोक तक्त्यात मावत नाही.

आता पूर्वपक्षाच्या खऱ्या बाजूकडे येतो. खोटे दावे होतात. उत्तर प्रदेशात ते इतके झाले की अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2015 मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या तपासाच्या आणि वकील परिषदेच्या दिरंगाईबद्दल कडक शब्द वापरले. त्यांत वकील आरोपी आहेत. अशा वकिलांच्या सनदा गेल्या पाहिजेत, यात मला यत्किंचितही शंका नाही. ते खऱ्या अर्जदाराच्या तोंडचा घास काढतात, कारण त्यांच्यामुळे प्रत्येक खऱ्या अर्जदाराकडे संशयाने पाहिलं जातं. पण खोट्या दाव्याचा सर्वांत सर्रास प्रकार कोणता हे पाहा. अपघात खरा असतो, मृत्यू खरा असतो, घर उघड्यावर पडलेलं खरं असतं. गाडी मात्र पळून गेलेली असते. मग कुणीतरी विमा असलेली दुसरी गाडी त्या जागी ‘बसवतो’. हे का घडतं? कारण धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनामुळे मृत्यू झाला तर 31 मार्च 2022 पर्यंत सरकारी योजनेतून मिळत होते 25,000 रुपये. तोच माणूस विमा असलेल्या गाडीखाली गेला असता तर वीस-पंचवीस लाख. गाडी कोणती होती यावर घराचं सगळं भवितव्य टांगून ठेवायचं आणि मग लोक गाडी बदलतात म्हणून आश्चर्य करायचं, हे बरोबर नाही. गुन्हा तो गुन्हाच. पण तो ज्या फटीत वाढला ती फट कायद्याने ठेवली होती. 1 एप्रिल 2022 पासून ती रक्कम 2,00,000 झाली. फट अरुंद झाली, बुजली नाही.

टक्केवारीबद्दलही मी पूर्वपक्षाच्या बाजूने आहे. दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं वकील परिषदेच्या नियमांना मंजूर नाही. 2017 मध्ये असाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. नवरा अपघातात गमावलेल्या बाईकडून भरपाईच्या टक्केवारीने फी मागितली होती, आणि न्यायालयाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. ही पद्धत आमच्यात आहे आणि ती लाजिरवाणी आहे. पण तिच्या मुळाशी हे आहे की दावा दाखल करायला आलेल्या घराकडे त्या दिवशी टायपिंगचेही पैसे नसतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे न्यायाधिकरणात येणाऱ्या विधवा, मुलं, जायबंदी माणसं यांतले बहुतेक सगळे त्यात बसतात. हे त्यांना फिर्याद लिहून घेणारा हवालदार सांगत नाही, दवाखाना सांगत नाही, आणि आम्ही वकील तर मुळीच सांगत नाही. टक्केवारी मोडायची असेल तर हे पोलीस ठाण्यातच लेखी हातात द्यावं. अर्जदारांच्या वकिलांनी याला विरोध केला तर मी त्यांच्या विरोधात उभा राहीन.

हप्त्याचा भार हा मुद्दा त्यामानाने सोपा आहे. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली आणि 4,43,366 जखमी झाली, हे रस्ते वाहतूक मंत्रालयाचेच आकडे आहेत. विम्याचा खर्च दाव्यांमुळे नाही, या मृत्यूंमुळे आहे. शिवाय पैसे मिळवण्यासाठी धावणारे लोक मिळालेले पैसे न्यायला विसरतात का? न्यायाधिकरणांत आणि कामगार न्यायालयांत जमा झालेले, पण कुणीच न नेलेले शेकडो कोटी रुपये पडून आहेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून प्रकरण दाखल करून घ्यावं लागलं, आणि एप्रिल 2025 मध्ये अर्जदारांच्या बँकखात्यांचे तपशील आधीच घेण्याबाबत निर्देश द्यावे लागले. तो पैसा ज्यांचा आहे ती माणसं पत्ता बदलून कामामागे दुसऱ्या गावाला गेलेली आहेत, किंवा निवाडा झाल्याचं त्यांना कळलेलंच नाही.

राहिला ठोक रकमेचा उपाय. तो आपण करून पाहिलेला आहे. 1994 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याला दुसरी अनुसूची जोडली. त्यात न कमावणाऱ्या माणसाचं कल्पित उत्पन्न वर्षाला 15,000 रुपये धरलं. गृहिणीला नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. 15,000 चा हा आकडा 2018 मध्ये ती अनुसूचीच बदलली जाईपर्यंत तसाच राहिला. मधल्या काळात दूध, भाडं, शाळेची फी, सगळं कितीतरी पटींनी वाढलं. दोष सिद्ध न करता मिळणारी 50,000 ची रक्कम 1994 पासून 2022 पर्यंत हलली नाही. सध्याच्या कलम 164 खाली मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत. ते लगेच मिळण्यासारखे असतील तर घ्यावेत असं मीही काही घरांना सांगतो. पण ठोक रकमेचा स्वभावच गोठण्याचा आहे. ती वाढवायला संसदेला किंवा मंत्रालयाला वेळ लागतो, आणि मेलेल्यांचे वारस मोर्चे काढत नाहीत. प्रणय सेठी निकालात न्यायालयाने ठरीव रकमांना दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ जोडली ती हे सगळं पाहूनच.

विलंबाचं दुखणं मात्र खरं आहे. मुंबईत 1978 साली आठ वर्षांच्या मुलाला मोटारीने उडवलं आणि तो कायमचा जायबंदी झाला. वाढीव भरपाईची लढाई संपेपर्यंत तो चाळिशी ओलांडून गेला होता. त्यानंतर आयकर खात्याने व्याजावर कर मागितला, आणि भरपाईवरचं असं व्याज उत्पन्न नाही हे 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून वदवून घ्यावं लागलं. या विलंबाला आम्ही वकीलही कारण आहोत, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागाही आहेत, आणि प्रत्येक मोठ्या निवाड्यावर अपील करणाऱ्या कंपन्याही आहेत. यावर इलाज कागदावर आलेला आहे: 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. तो अहवाल वेळेवर आणि नीट आला तर निम्मी भांडणं उरणार नाहीत. आमच्याकडे तो अजून नेमाने येत नाही.

आणि नेमक्या याच तारखेपासून कायद्याने दुसरं एक दार अरुंद केलं. अपघातापासून सहा महिन्यांच्या आतच दावा दाखल झाला पाहिजे, अशी अट परत आली. ही अट पूर्वी होती. ती जाचक आहे म्हणून संसदेनेच 1994 मध्ये काढून टाकली होती. 1988 च्या मूळ कायद्यात उशीर माफ करायची थोडी सोय तरी होती, आता तीही नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की या तरतुदीला दिलेल्या आव्हानाचा निकाल लागेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणाने दावे फेटाळू नयेत. निकाल काय लागेल ते लागो. दावे फार होतात म्हणणाऱ्यांनी मात्र ही अट ऊसतोडीच्या हंगामाशेजारी ठेवून पाहावी. ट्रॉली नोव्हेंबरात उलटते. बाई तिथेच जाते. नवरा सोडून जाऊ शकत नाही, कारण उचल फिटलेली नाही. तो मुलाला सोबत घेऊन उरलेला हंगाम अर्धा कोयता म्हणून काढतो. कारखान्याचा पट्टा पडतो तो मार्च-एप्रिलमध्ये. तो गावी येतो, तेराव्याला न आलेले नातेवाईक भेटून जातात, कुणीतरी म्हणतं की तालुक्याला एखाद्या वकिलाला विचार. तो फिर्यादीची नक्कल मागायला पुन्हा दोन जिल्हे ओलांडून जातो, शवविच्छेदनाचा अहवाल मिळवतो, मुकादमाचा पत्ता काढतो, आणि माझ्यासमोर येऊन बसतो तेव्हा मे महिन्याचा शेवट झालेला असतो.